फावड्याची पाठ

१२ जानेवारी, गुरुवार

मोठ्या बाईंनी ही वही देऊन चार महिने झाले. निवृत्त होताना त्यांनी मला बालवाडीच्या किल्ल्या दिल्या, खडूंचा डबा दिला आणि वर ही वही. म्हणाल्या, रोज नाही जमलं तरी लिही, आणि परक्या माणसाला कळेल असं लिही, कारण दहा वर्षांनी वाचशील तेव्हा तूच परकी झालेली असशील. मी मान डोलावली आणि वही कपाटात टाकून दिली. आज काढली, कारण डोकं भणभणलंय आणि आमच्या ह्यांना सांगून काही उपयोग नाही.

तर परक्या माणसा, प्रार्थनागृहाच्या मागे दोन खोल्या, एक अंगण, एक गळका नळ आणि अकरा मुलं, एवढा माझा संसार. पंचवीस दिवसांनी झाडांचं नवं वर्ष आहे. आम्हा ज्यूंच्या पंचांगात झाडांनाही वाढदिवस असतो, सगळ्यांचा मिळून एकच, आणि तोही ऐन थंडीत. त्या दिवशी मुलांनी तऱ्हेतऱ्हेची फळं खायची, बिया पेरायच्या, एखादं रोप लावायचं. मोठ्या बाई तो दिवस असा करायच्या की गावभर बोललं जायचं. यंदा माझ्या हातचा पहिलाच.

पण डोकं भणभणायचं कारण सण नाही, बटण आहे. साडेचार वर्षांची मुलगी. कोटाचं वरचं लाल बटण दिवसभर पिरगाळत बसते म्हणून तिच्या बापानेच हे नाव पाडलंय. नोव्हेंबरच्या शेवटी तिची आई गेली. त्या दिवसापासून ही पोरगी एक शब्द बोललेली नाही. शू लागली तरी नुसती उठून उभी राहते.

तिच्या बापाचं चष्म्याचं दुकान आहे. आज मुलं गेल्यावर तो दारात थांबला आणि स्वतःच्याच काचा पुसत राहिला. त्याची बहीण दुसऱ्या गावी असते, तिकडे अशा मुलांचे डॉक्टर आहेत, बहीण न्यायला तयार आहे. झाडांच्या सणापर्यंत वाट बघतो म्हणाला. "मला एकट्याला जमत नाही, बाई. ती माझ्याकडे बघते आणि मला काही सुचत नाही."

मी म्हटलं, माझ्यावर सोडा. तोंडातून निघून गेलं. आता निस्तरायला हवं.

ह्यांना सांगून उपयोग नाही असं का लिहिलं ते सांगते. समाजात कुणी गेलं की त्याला स्नान घालायला आणि माती द्यायला जी पाच-सहा माणसं पुढे होतात, त्यांत आमचे हे आहेत. बटणच्या आईलाही ह्यांनीच पोचवलं. पुण्याचं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचं, हा माझा चौदा वर्षांचा नियम आहे. मी स्वतः कुणाच्याच मातीला जात नाही. त्याला कारण आहे, ते इथे लिहिणार नाही.

१६ जानेवारी, सोमवार

बोलली. बटण बोलली.

नीट लिहायला हवं. आज बीचा धडा घेतला. पुस्तकातून बी शिकवणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. मी तपकिरी पांघरूण जमिनीवर पसरलं, म्हटलं ही माती, आणि तुम्ही सगळे बिया. अकराच्या अकरा खाली शिरले. मग मी वरून सांगत होते, मातीत ठेवलेलं संपत नाही बरं का, ते नुसतं झोपतं. अंधार असतो, गार असतं, पण ते घाबरत नाही. कुणीतरी रोज थोडं पाणी घालतं, त्याच्याशी बोलतं, आणि एक दिवस ते वर येतं. मग मी झारीने शिंतोडे उडवले आणि एकेक कार्टं किंचाळत उगवलं.

बटण उगवली नाही. पांघरुणाखाली सपाट पडून राहिली. बाकीचे हसायला लागले तसं मी कडेचं टोक उचललं. डोळे उघडे होते. आवाज गंजल्यासारखा आला.

"किती दिवस लागतात?"

मी तिच्याशेजारी पांघरुणावर बसले. मग सांगितलं की आपण पार्सली पेरणार आहोत, कोथिंबिरीसारखी असते ती. झाडांच्या सणाला पेरली की बरोबर दोन महिन्यांनी वल्हांडणाला, म्हणजे आपल्या वसंतातल्या मोठ्या सणाला, पानं ताटात घ्यायची. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मी संडासात जाऊन रडून घेतलं आणि तोंड धुऊन आले.

मोठ्या बाईंना फोन केला. तीस वर्षांत त्यांना असं जमलं असेल का, हे मनात आलं. वाईट विचार आहे, पण वहीत खोटं कशाला लिहू.

२४ जानेवारी, मंगळवार

आता तिला थांबवणं कठीण. पाणी किती घालायचं? जास्त झालं तर बुडतं का? खाली ऐकू येतं का? थंडी वाजते का? बाकी दहा जणांना फळं कधी मिळणार याची चिंता, आणि ही एकटी मातीच्या खाली काय चाललंय ते विचारते. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते. ऐकू येतं, म्हटलं. झाडांना बोललेलं आवडतं.

बाप आला होता. घरीही बोलते म्हणाला, जेवते, आणि मोठी पाण्याची बाटली हवी म्हणून हट्ट धरला. बहिणीला नको म्हणून कळवलंय. माझ्या चष्म्याची दांडी त्याने तिथल्या तिथे नीट करून दिली.

६ फेब्रुवारी, सोमवार

सण झाला. बरा झाला. एक गोष्ट सोडली तर.

सकाळी मुलं झाडं होऊन आली. कुणाच्या डोक्यावर कागदी पानं, कुणाच्या अंगाला सुकी पानं टाचलेली. एक जण म्हणाला मी झाडाचं खोड आहे आणि दिवसभर हलला नाही. टेबलावर पंधरा तऱ्हेची फळं मांडली होती. आधी कठीण कवचाची, बदाम आणि अक्रोड. मग आत बी असलेली, खजूर, ऑलिव्ह, जर्दाळू. मग सगळंच खाता येतं ती, अंजीर, मनुका. प्रत्येक तऱ्हेला आशीर्वाद म्हणायचा आणि खायचं. खजुराची बी कुणाच्या नाकात गेली नाही, हे यश. मग प्रत्येकाने कपात पार्सली पेरली.

शेवटी अंगणात बदामाचं रोप. आई-बाप भिंतीला लागून उभे, आमचे हेही कामावरून थोडा वेळ काढून आलेले. मी पत्र्याचं छोटं फावडं आणलं होतं. प्रत्येकाने तीन फावडी माती घालायची आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. छान चाललं होतं. बटणची पाळी आली तेव्हा तिने फावडं उलटं केलं. पाठीच्या बाजूने जेवढी राहील तेवढी माती उचलली आणि घातली. मग दोनदा सरळ. आणि पुढचा मुलगा हात पसरून उभा असताना त्याच्या हातात न देता तिने ते ढिगात खोचलं आणि बाजूला झाली.

मी हसून म्हटलं, असं नाही गं, उलटं धरलंस. तिचा हात धरून सरळ करून दाखवलं.

"पहिलं उलटंच असतं," ती म्हणाली.

मी वर बघितलं तर मोठी माणसं एकदम गप्प झालेली. तिचा बाप फाटकातून बाहेर गेला. मला वाटलं दुकानात गिऱ्हाईक असेल. एवढ्यातेवढ्या चुकीवरून पोरांपुढे तोंड पाडून उभं राहायचं म्हणजे काय. मी टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी ह्यांनी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. म्हणाले, एक बोलू का? मी विचारलं, तुमच्या त्या कामाचं आहे का? हो म्हणाले. मग नको, म्हटलं. आजचा दिवस माझा होता.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

पार्सली उगवायची चिन्हं नाहीत, तिला वेळ लागतोच. पण मुलं धीर सोडतात म्हणून मी तीन कपांत गुपचूप मेथीही टाकून ठेवली होती, ती आठवड्यात वर आली. त्यांतला एक कप बटणचा. तिने तो खूप वेळ बघितला. मला वाटलं नाचेल. तिने विचारलं, मोठं असेल तर जास्त दिवस लागतात का?

हो, म्हटलं, जितकं मोठं तितका वेळ. बघ, बदामाला किती लागेल.

तिने समजूतदारपणे मान हलवली. या वयात एवढं निरीक्षण. मोठी होऊन शेतीशास्त्र शिकेल ही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

बटणचा बाप मुलीचं कौतुक सांगत होता. दर रविवारी ती त्याच्याबरोबर आईकडे जाते, म्हणजे दफनभूमीत. आधी रडायची, आता आपणहून निघते आणि आपली बाटली विसरत नाही. तिथून निघताना आम्ही हात धुतो ना, त्यासाठी घेते, म्हणाला. आत गेल्यावर थोडा वेळ त्याला लांब उभं राहायला सांगते आणि एकटी काहीतरी बोलत बसते.

मी म्हटलं, चांगलं आहे, आणि विषय बदलला. मला त्या जागेचं ऐकवत नाही.

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण लिहितेच. चौदा वर्षांपूर्वी मला मुलगा झाला. नऊ तास होता. महिन्याच्या आतलं मूल गेलं तर शोक पाळायचा नाही, अशी आमच्यात रीत होती. पुरुष जाऊन पुरून आले. मला नेलं नाही, कुठे ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. हे त्यानंतरच त्या कामात शिरले. का, तेही मी विचारलं नाही.

९ मार्च, गुरुवार

बाहेर पाणी गोठतंय आणि बटण आज नुसत्या स्वेटरवर आली. कोट कुठे म्हटलं तर बोलेना. मला वाटलं हरवला. लाल बटणांचा कोट, आईने घेतलेला, हरवतो म्हणजे काय. मी जरा जोरातच रागावले. मग हळूच म्हणाली, तिला दिला, तिला थंडी वाजते. कुणाला, म्हटलं. झोपलीये तिला, म्हणाली.

घरात बाहुली असेल. बापाला सांगितलं, बाहुलीच्या खोक्यात बघा. माझी शाल दिली तिला गुंडाळून.

२० मार्च, सोमवार

आमचे हे दुपारी बालवाडीत आले. कधी येत नाहीत. मुलं नुकतीच गेली होती. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मुलांच्या बुटक्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, आज तुझा नियम मोडतोय.

आत तो कोट होता. चिखलाने कडक झालेला, लाल बटणं तशीच.

दफनभूमीच्या राखणदाराने त्यांना बोलावून दाखवलं. बटणच्या आईच्या जागेवर अजून दगड नाही, तो वर्षाने बसतो. नुसती माती आणि नावाची फळी. पाऊस नसताना ती माती ओली असायची, एका बाजूने खचली होती. राखणदाराला वाटलं नळ फुटला. मग हा कोट दिसला, नीट पसरलेला, कॉलर डोक्याच्या बाजूला.

मग त्यांनी सणाच्या दिवशीचं सांगितलं. खाली बघत, सावकाश. "माती देताना पहिलं फावडं पाठीने देतात. आपल्याला घाई नाही, मन होत नाही, हे दाखवायला. आणि फावडं एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. दुःख हातोहात देऊ नये म्हणून. मातीत खोचायचं, पुढच्याने उपटून घ्यायचं. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून आईच्या मातीला पोरगी बापाच्या पायाशी उभी होती. सगळं बघत होती. अंगणात त्या दिवशी सगळ्यांना कळलं."

माझ्याशिवाय, असं ते म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर मी ही वही पहिल्या पानापासून चाळली. किती दिवस. थंडी वाजते का. ऐकू येतं का. मोठं असेल तर. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि खाली माझं स्वतःचंच कौतुक. मातीत ठेवलेलं संपत नाही. हे मी कुणाला सांगत होते देव जाणे.

२२ मार्च, बुधवार

दुकानात गेले. कोट धुऊन नेला होता. बटणचा बाप तो हातात घेऊन स्टुलावर बसला. पोरीच्या मनात काय आहे ते त्याला आठवडाभर माहीत होतं. वल्हांडणाच्या जेवणात आम्ही मध्येच घराचं दार उघडतो, एका पाहुण्यासाठी, जो अजून कधी आलेला नाही. बटणने बापाला सांगितलंय, तेव्हा दोन महिने होतात, तेव्हा आई त्या दारातून येईल, खुर्ची दाराजवळ ठेव.

तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"ठेवतो म्हणालो." मग चष्मा काढून काच पुसायला लागला. "राहू द्या ना, बाई. बोलते तरी आहे. सांगितलं आणि परत गप्प झाली तर?"

मला तेच वाटत होतं. खरंच वाटत होतं. दोन महिन्यांचे सहा करायचे, सहाचे बारा, पोरं विसरतात. दाराबाहेर पडता पडता डोळ्यांपुढे ती खुर्ची आली आणि उघडं दार, आणि बाहेर कुणी नाही. मी परत आत गेले आणि म्हटलं, मी शिकवलंय, मीच सांगते. तो नको म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही.

२ एप्रिल, रविवार

चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले. आम्ही चौघं होतो, बटण, तिचा बाप, हे आणि मी. बटणच्या अंगात कोट होता आणि हातात भरलेली बाटली.

मी कालपासून वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. ओल्या मातीत गुडघे टेकले आणि म्हटलं, "मी तुम्हाला शिकवलं ते बियांचं आहे. माणसाचं तसं नसतं. आई वर येणार नाही."

ती बाटलीकडे बघत होती. "पाणी कमी पडलं?"

"नाही. पाणी पुष्कळ होतं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

"खूप दिवसांनी?"

"खूप दिवसांनीसुद्धा नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, मातीत ठेवलेलं संपत नाही."

"म्हणाले होते."

तिच्या बापाने पाठ फिरवली होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी उचलून घेतलं असतं. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. मग कोटाचं वरचं बटण धरलं.

परतताना भिंतीकडेला लहान लहान उंचवट्यांची एक रांग होती, नावं नसलेली. तिथे आमचे हे हळू झाले. मी बाटली छातीशी धरली आणि चालत राहिले.

४ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस ती बोललेली नाही. काल नाही, आज नाही. सणाचे आठ दिवस झाले की आत्या न्यायला येणार आहे. मी बापाला म्हटलं, एक महिना थांबा. तो म्हणाला, "बाई, जानेवारीत तुम्ही म्हणाला होतात, माझ्यावर सोडा." रागाने नाही म्हणाला.

उद्या संध्याकाळी सण. आज कप घरी न्यायचा दिवस. पार्सली वीतभर झालीय. मेथी उपटून टाकली होती, तिच्याखालून बटणचीही आलीय, उलट तिचीच दाट. मिठाच्या पाण्यात बुडवून कशी खायची ते सांगितलं, एकेक जण कप पोटाशी धरून गेला. बटणने आपल्या कपाला हात लावला नाही. बापाला उशीर झाला होता. मी खुर्च्या उलट्या टाकत होते, वळून बघते तर ती नाही आणि कप नाही.

अंगणात होती. बदामाच्या रोपाला दोन पानं फुटलीत. त्याच्या शेजारी तिने हातांनी खळगा केला होता आणि कप कलंडून पार्सली मुळांसकट आत आडवी ठेवली होती. मग पत्र्याचं फावडं घेतलं, उलटं केलं, पाठीवर बसेल तेवढी माती घेऊन घातली. मग दोनदा सरळ. मग फावडं ढिगात खोचलं आणि एक पाऊल मागे सरून माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं काहीतरी बोलेल. ती बोलायला थांबली नव्हती. रांगेत पुढचा कोण आहे त्याच्याकडे बघावं तसं बघत होती. मला इतक्या वर्षांत त्या रांगेत कुणी उभं केलं नव्हतं, आणि मीही कधी उभी राहिले नव्हते.

मी जाऊन फावडं उपटलं. उलटं धरलं. निम्मी माती खळग्याबाहेर सांडली. ती खाली बसली, सांडलेली माती तिने तळहाताने गोळा केली आणि आत लोटली.